हवालदारांचा पहारा

हवालदार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ड्यूटी काही संपली नव्हती. परदेशात शांतिसेनेत असताना ते एका नाक्यावर उभे असत. बघायचं, कळवायचं, गोळी झाडायची नाही, असा हुकूम. एके दिवशी नाक्यापलीकडचं गाव डोळ्यांदेखत जळालं, आणि त्यांची जागा घ्यायला येणारा शिपाई पोचलाच नाही. तेव्हापासून हवालदार नाक्यावरच होते. नाका तेवढा आता घराच्या दारात आला होता.

बायकोची पंचाईत झाली. ती कपडे शिवायची, तेही भिंतीकडे तोंड करून, कारण खिडकी हवालदारांची. बाहेर निघाली की, "कुठे? कोणत्या रस्त्याने?"

"अहो, कांदे आणायला चाललेय, पूल उडवायला नाही."

हवालदार हसत नसत. ती परतेपर्यंत दारात उभे, घामाने निथळत. शेवटी तिने जाणंच सोडलं. एकाच कोठडीत दोन कैदी, आणि दोघांनाही वाटायचं, दुसरा पहारेकरी आहे.

अशात बायकोच्या बहिणीने तिच्यासाठी शिवणाच्या कारखान्यात जागा धरून ठेवली. सोमवारपासून ये, म्हणाली. तोवर यांना घटकाभर तरी आपल्यावाचून बसता आलं पाहिजे, म्हणून बायकोने त्यांना माजी सैनिकांच्या बैठकीला आणलं.

तिथल्या समुपदेशक मॅडमनी खुर्च्या छान गोलात मांडल्या होत्या. एकेक गडी आत आला, दाराकडे पाठ होतेय हे बघितलं, आणि खुर्ची उचलून भिंतीला लावली. थोड्या वेळाने सगळे भिंतीशी ओळीने, आणि मधोमध मॅडम एकट्या. जणू चौकशी त्यांचीच चाललीय.

बायको व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दाराच्या काचेतून ती दिसेल अशी हवालदारांनी खुर्ची सरकवली. दार लोटलेलंच होतं, तिला सगळं ऐकू येत होतं. ती पाणी प्यायला उठली, तर आत हे उठले. ती बसली, हे बसले. पुन्हा उठली, पुन्हा उठले.

सोमवार हातचा गेला, ती मनात म्हणाली.

शेजारच्या खुर्चीवर सैन्यातला एक पोट सुटलेला आचारी होता. तो ही कवायत बघत होता. "हवालदार, वहिनी पळून नाही जात. जायच्याच असत्या तर तुमचं तोंड बघून पहिल्याच दिवशी गेल्या असत्या."

ओळीत कुणीतरी खुदकन हसलं.

"पहारा असा सोडता येत नाही," हवालदार म्हणाले.

आचाऱ्याचं हसू विरलं. तो उठला, शर्ट खाली ओढला, पोट आत घेऊन बघितलं, ते काही आलं नाही. टाचा मात्र जुळल्या. "बदली हजर आहे. पहारा माझ्याकडे द्या."

हवालदार त्याच्याकडे बघतच राहिले. मग सावकाश उभे राहून पुटपुटले, "एक बाई. बाकावर. बाकी सगळं शांत."

दोघांनी जागा बदलल्या. हवालदारांच्या नव्या खुर्चीवरून काच दिसत नव्हती. त्यांनी एकदा मान ताणून बघितली, पण ते बसून राहिले.

बायको हळूच उठली. आत कुणी उठलं नाही. काचेतून आचाऱ्याने मान हलवली, जा.

समोरच्या टपरीवर तिने चहा मागितला.

"एकच?"

"एकच," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

अर्धा चहा संपल्यावर तिच्या लक्षात आलं, आपणही टपरीच्या भिंतीला पाठ लावून, बैठकीच्या दाराकडे डोळे लावूनच उभ्या आहोत. उरलेला चहा रस्त्याकडे बघत प्यायचा, असं तिने ठरवलं.

दोन घोट जमले. मग मान आपोआप वळली.