पुढे केलेला कान

नात बोलू लागली की माझा मुलगा मान वळवून उजवा कान तिच्यापुढे धरतो. मला ते लाडाचं वाटायचं. आज जेवताना सून म्हणाली, "आई, यांच्या डाव्या कानाचा पडदा लहानपणापासूनच फाटलाय म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं."

तरुणपणी घरगुती उपचारांचं एक पुस्तक वाचून मी धन्वंतरी झाले होते. लहानपणी याचा कान वाहायला लागला, तेव्हा मी दीडशहाणीनं लसणाचं तेल घातलं आणि हळदीकुंकवाला मिरवलं, "आमच्याकडे डॉक्टरची पायरी कुणी चढत नाही!" आज ते पान काढलं. तेलाच्या खालच्याच ओळीत होतं, कान वाहत असेल तर काही घालू नका, डॉक्टरांना दाखवा. सोयीची ओळ सापडली की माणसाचं वाचन संपतं.

"कधी बोलला का नाहीस रे?"

"मला वाटायचं, सगळ्यांनाच एका कानानं ऐकू येतं."