अंदाज चुकल्याचे पेढे

आमच्या शेजारचे काका चहाला आले, की आधी फ्रिजमागचा ट्रे काढून त्यातलं पाणी ओततात आणि मगच खुर्चीत बसतात. आरोग्य विभागात पाऊस, ऊन आणि जुन्या पेशंटांची माहिती कॉम्प्युटरला देऊन ते डेंग्यूचा अंदाज काढतात. घराणं मात्र मूळचं द्राक्षबागायतदारांचं.

यंदा कॉम्प्युटरने आमच्याच कॉलनीत मोठी साथ दाखवली. तेव्हा इथे एकही पेशंट नव्हता. "मग आत्तापासून पाणी ओतायचं कशाला?" लोक कुरकुरले.

"पानावर डाग दिसल्यावर फवारून बाग हाती लागते का हो?" असं म्हणत काकांनी घरोघरचे ड्रम, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या स्वतः रिकाम्या केल्या. वर बोलणीही खाल्ली.

साथ आलीच नाही. "काका, तुमचा कॉम्प्युटर साफ चुकला की!" गेटवर सगळे हसले.

काकांनी खुशीत पेढ्यांचा बॉक्स उघडला. "चुकला ना? घ्या, तोंड गोड करा!"

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी लेक डेंग्यूने आयसीयूत होती. आता ती माझ्या शेजारी उभी राहून दुसऱ्या पेढ्यासाठी हात पुढे करत होती.