दोन सेकंदांत सगळं पास

विंचूरची माणसं तिखटमीठ लावून सांगतील, त्याआधी मीच सांगून टाकते. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

मला पसारा बघवत नाही. घरात नाही आणि कॉम्प्युटरवर तर नाहीच! अंबडला आमची छोटी कंपनी आहे, कांदा निवडायची मशीन बनवते. पट्ट्यावरून कांदा येतो, मशीन वजन बघतं, मोठा कांदा एका कप्प्यात, मधला दुसऱ्यात आणि बारीक गोल्टी तिसऱ्यात. मशीनचा सी भाषेतला प्रोग्राम मी लिहिते. तो बरोबर आहे का हे तपासणाऱ्या दोनशे बारा चाचण्या आमच्या देवरे अण्णांनी लिहिल्यात. अण्णा सटाण्याचे, कंपनीत सगळ्यांत जुने, आवाज कधी चढत नाही.

सोमवारी विंचूरच्या भामरे शेठकडे मशीन चालवून दाखवायचं होतं. हंगामातली आमची पहिली ऑर्डर. शेठनी आधीच बजावलं होतं, "चाललं तर ठेवतो, नाय तर त्याच गाडीत घेऊन जायचं."

शुक्रवारी चाचण्या लावल्या तर कंपायलरच्या, म्हणजे माझा प्रोग्राम मशीनला समजेल असा करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, त्याच तीन पिवळ्या वॉर्निंगच्या ओळी. वर्षभर त्या मला छळत होत्या. म्हणणं एवढंच, की 'एक्झिट'मधून कोणी परत येत नाही असं तुम्हीच लिहून दिलंय, मग तुमची एक्झिट परत कशी येते?

आता हे समजून घ्या. मशीनमध्ये मोठी गडबड झाली की प्रोग्राम एक्झिट करतो, म्हणजे स्वतःला बंद करतो. चाचणीत खरंच बंद झाला तर पुढचं तपासणार कोण? म्हणून अण्णांनी खोटी एक्झिट लिहिली होती. ती 'बंद झालो' अशी नोंद करायची आणि परत यायची. कारखान्यात आगीची रंगीत तालीम असते ना, भोंगा वाजतो, सगळे मैदानात जमतात आणि परत कामाला लागतात. तसंच.

अण्णा पुतणीच्या लग्नाला गेलेले. फोन केला तर म्हणाले, "राहू दे गं, मंगळवारी बघतो. हात लावू नको."

"बरं अण्णा," मी म्हणाले. आणि हात लावला!

खोट्या एक्झिटच्या शेवटी खरी एक्झिट टाकली, शून्य आकडा देऊन. शून्य म्हणजे 'सगळं ठीक'. तिन्ही ओळी गायब! वर आणखी नवल म्हणजे अकरा मिनिटांच्या चाचण्या दोन सेकंदांत संपल्या आणि भिंतीवरचा चाचण्यांचा निकाल दाखवणारा बोर्ड हिरवागार.

शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला अभिमान वाटला. ग्रुपवर लगेच टाकलं, 'वॉर्निंग शून्य, वेळ दोन सेकंद.' आमच्याकडे बोर्ड हिरवा करणाऱ्याला बाकीचे मिसळ खिलवतात. मी दोन प्लेट खाल्ल्या. आणि त्याच जोरावर वजनाच्या भागात दोन-चार सुधारणाही करून टाकल्या. बोर्ड हिरवाच! मग भ्यायचं कशाला?

सोमवारी शेठच्या खळ्यावर पट्टा सुरू झाला. आजूबाजूचे व्यापारी गोळा झालेले. शेठनी गोल्टीच्या कप्प्यातून मुठीत मावणार नाही एवढा कांदा उचलला.

"ताई, ही गोल्टी हाय?"

"कांदा ओला असेल, शेठ."

"उन्हाळ कांदा हाय. खडखडीत वाळलेला."

"मग विजेचा दाब कमी-जास्त होत असेल. किंवा जमीन उताराची असेल. हमाल पट्ट्यावर कांदे फार जोरात टाकतायत. दोनशे बारा चाचण्या पास आहेत हो, मशीन चुकणारच नाही!"

तासभर मी बोलत होते. शेवटी शेठ गाडीवाल्याला म्हणाले, "गाडी लाव रे मागं." तेव्हा कुठे मी अण्णांना फोन लावला.

"शेवटची चाचणी कितव्या नंबरची चालली, बघ," अण्णा म्हणाले.

गोणीवर लॅपटॉप उघडला. एकच ओळ. 'चाचणी एक: वजनाची वायर निघाली तर मशीन थांबतं. बंद झालो.' खाली काहीच नाही.

पहिल्याच चाचणीत एक्झिटची वेळ आली होती. माझी खरी एक्झिट 'सगळं ठीक' म्हणून निघून गेली आणि बाकीच्या दोनशे अकरा चाचण्या सुरूसुद्धा झाल्या नाहीत. भोंगा वाजल्यावर मी सगळ्यांना घरी पाठवलं होतं!

मी काय केलं ते सांगितल्यावर अण्णांचा आवाज पहिल्यांदा चढला आणि थेट अहिराणीत शिरला. "हाई काय करी ठेवं व माय!"

मुकाट्याने माझी ओळ काढली. पिवळ्या ओळी परत आल्या, आणि खरं सांगते, त्यांना बघून मला बरं वाटलं. अकरा मिनिटं गोणीवर बसून काढली. नऊ चाचण्या लाल. सगळ्या माझ्या सुधारणांच्या! त्या काढून टाकल्या, चाचण्या पुन्हा लावल्या, आणखी अकरा मिनिटं. मग मोठा कांदा मोठ्यात पडायला लागला. शेठनी गाडी रिकामीच परत पाठवली.

मी निघताना त्यांनी विचारलं, "गडबड झाली तर हे थांबतं का नाय?"

"थांबतं म्हणजे काय शेठ, तेवढं एकच तर मी पक्कं तपासलेलं! त्याचं असं आहे, वजनाची जी वायर असते ना, ती समजा..."

शेठनी वायर उपटली. मशीन जागच्या जागी थांबलं.

"भारी हाय," शेठ म्हणाले. "अशीच एक वायर तुम्हाला पण बसवून घ्या, ताई."