फ्रंट सरकतोय!

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. आणि चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल!

माझी लेक सुवर्णा समुद्राचा अभ्यास करते. सोलापुरात समुद्र कुठला? पण पोरीनं नेमकं तेच धरलं! मागच्या वर्षी ती संशोधनाच्या जहाजावर गेली. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज तुटक, मागं वारा भणाणतोय.

"आई, गडबडीत हाय. फ्रंट सरकतोय! सकाळी लई लांब होता, आता दोन मैलांवर आलाय. आमी तिकडंच चाललोय. पार पलीकडं..."

खट्! फोन बंद.

फ्रंट? शेजारी फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब राहतात. धावत त्यांच्याकडं गेले.

"फ्रंट म्हणजे लढाईची आघाडी, वहिनी," ते गंभीर झाले. "दोन मैल म्हणजे तोफेच्या टप्प्यात की!"

"आणि पोरगी तिकडंच चाललीय हो!"

"शूर हाय पोरगी," म्हणत त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. टोपी काढल्यावर माझं काय झालं असेल, तुम्हीच सांगा!

टीव्ही लावला. कुणीतरी वांगी तळत होतं. युद्धाचं नाव नाही. म्हणजे सरकार लपवतंय! इकडून तिला फोन लावते, तर लागेचना. लावून लावून बोटं दुखली. तिचं लहानपणीचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. शेवटी रडत रडत घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'सुवर्णा फ्रंटवर अडकली.'

झालं! वळसंगच्या जाऊबाईंनी देव पाण्यात ठेवले. अकलूजच्या धाकट्या भावाचा फोन आला, "अक्का, रडू नगंस. गाडी काढतो. पोरीला घिऊनच यिऊ!" समुद्रात जीप कशी घालायची, हे त्याला सुचलं नाही आणि मलाही नाही.

संध्याकाळी फोन वाजला. सुवर्णाच!

"बाळा, जिती हायस?"

"म्हंजे? काय झालं गं?"

"तो फ्रंट! शत्रू!"

"अगं आई, गरम पाणी आणि गार पाणी जितं भेटतं, त्या हद्दीला फ्रंट म्हणतात. तितं मासे जमतात, त्यांच्यामागं डॉल्फिन येतात. डॉल्फिन दिसला की तो हद्दीपासून किती लांब हाय, ते आमी मोजतो. पण ती हद्दच मेली सरकत ऱ्हाते! सकाळचं अंतर दुपारी चालत न्हाय. पुन्हा हद्द शोधा, पुन्हा मोजा."

"आणि तोफा?"

"कसल्या तोफा?"

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. भाऊ जीपमधून उडी मारून उतरला. मागं चार गडी, हातात काठ्या. सुभेदारसाहेब ताठ उभे. सगळी गल्ली गोळा झालेली.

"अक्का, शत्रू कोन हाय, तेवढं फक्त सांग!"

मी खाली बघत म्हणाले, "कोमट पाणी."