अठ्ठ्याण्णव गुणांची जोडी

तर काल बोलणं गुड्डू आणि उर्वशीपाशी थांबलं होतं. सख्खे भाऊ-बहीण, लहानपणापासून एका ताटावरून भांडलेले, आणि कंप्युटरनं लग्नासाठी नेमकी त्या दोघांचीच जोडी लावून ठेवली. वर शंभरात अठ्ठ्याण्णव गुण. गाव एक, बोली एक, जेवणखाण एक, शिक्षणही जवळजवळ सारखं. यंत्राच्या हिशेबानं असं स्थळ पोवार समाजात दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही.

योगेश्वरीनं ते पाहिलं आणि कपाळ धरलं.

मुर्री गावच्या डोमनलाल बिसेनांची ही लेक. नागपूरला इंजिनिअर झाली, पुण्याच्या कंपनीत राहिली, तिथलं कोंडल्यासारखं जगणं सोसेना म्हणून घरी परतली. आता माडीवर लॅपटॉप मांडून बसते. कोड स्वतः कमीच लिहिते. एआय एजंट म्हणून जो प्रकार निघाला आहे, त्याला साध्या भाषेत काय हवं ते सांगायचं, की तो प्रोग्राम लिहून देतो. समाजाच्या परिचय मेळाव्यासाठी स्थळं जुळवणारी वेबसाईट हे तिचं घरी आल्यावरचं पहिलं मोठं काम. मेळावा रविवारी. नीट पार पडला तर बालाघाट-भंडाऱ्याच्या समाजाच्या समित्याही तिला असंच काम देणार होत्या. नाही पडला तर पुण्याची कंपनी परत बोलावतच होती, आणि डोमनलालनं सांगून टाकलं होतं, "मंग मात्र चुपचाप जायचं, बाई."

तिची काम करून घ्यायची रीत जरा निराळी. गड्याला नुसतं काम सांगून भागत नाही, विचार कसा करायचा तेही सांगावं लागतं, असं तिचं मत. म्हणून डॉक्टर कसा विचार करतो, अर्थशास्त्र शिकलेला कसा करतो, असं जिथून मिळेल तिथून वेचून ती एजंटापुढे मांडायची.

"समजते का त्याले हे सारं?" आई तुलसा चहा ठेवताना विचारायची.

"समजते, माय. अंगाले लागत नाही."

भावाबहिणीच्या जोडीवर तिनं आधी अर्थशास्त्र लावून पाहिलं. ज्याचं माप ठेवाल तेच वाढतं, बाकीचं मरतं. कामठ्याच्या भैय्यालालनं एका साली धानाची रोवणी, म्हणजे लावणी, ठेक्यानं दिली होती. शेताच्या जेवढ्या बांध्या, म्हणजे खाचरं, उरकतील तेवढी मजुरी. रोवणी झपाट्यानं झाली. धुऱ्यावरून, बांधावर उभं राहून पाहिलं तर हिरवंगार, आत उतरलं तर दोन रोपांमधून म्हैस निघून जावी. एजंटानंही तेच केलं होतं. जास्त गुण म्हणजे चांगलं स्थळ, असं माप योगेश्वरीनंच ठेवलं, त्यानं गुण गोळा केले. एका कुळात, म्हणजे एका आडनावात, लग्न होत नाही, हे ती त्याला सांगायलाच विसरली. विसरली तरी कसं म्हणावं? पोवाराच्या घरात ते कोणी कोणाला सांगतच नाही. पाणी ओलं असतं, हे कोण कोणाला सांगतं?

आता सांगितलं. एजंट म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे. चूक दुरुस्त केली आहे."

पुढची जोडी निघाली रहांगडाले आणि राहांगडाले. एका कान्यानं एका कुळाची दोन कुळं केली होती.

मग डॉक्टरी. लक्षणावर गोळी देऊ नको, दुखणं शोध. लोकांनी आडनावं मनाला येईल तशी लिहिली आहेत, ते मुळातून नीट कर. "तुमचं अगदी बरोबर आहे," एजंट पुन्हा म्हणाला, आणि मिळतीजुळती नावं एकत्र करता करता त्यानं टेंभरे आणि ठाकरे यांचंही एकच कुळ करून टाकलं.

"तुझा गडी जावयासारखा आहे," तुलसा म्हणाली. "हो हो म्हणते, अन् आपलंच करते."

योगेश्वरीला हसू आलं नाही. चहावर साय धरली तरी तिनं कपाला हात लावला नाही. प्रत्येक वेळी तो एवढ्या गोडीनं चूक कबूल करायचा, की धड भांडताही येत नव्हतं.

शनिवारी समितीचे अध्यक्ष शालीकराम कटरे घरी आले. पाणी प्यायले आणि आडवळण न घेता बोलले, "बेटा, जुन्यासारखं स्थळांचं पुस्तकच छापून टाकू का? लेकराले समजते ते तुह्या कंप्युटरले काऊन समजत नाही?"

"लेकरू इथं जन्मते, काकाजी. ते नाही जन्मलं."

"मंग त्याच्या भरवशावर कायले बसून राहिली?"

त्यांना थांबायला सांगून ती तणतणत वर गेली. एकेक जोडी दुरुस्त करण्यात तिचा आठवडा गेला होता. आता तिनं गणितवाल्यांची रीत धरली: सरळ सुटत नाही ते उलट्या बाजूनं सोडवायचं. चांगली जोडी कोणती, हे या यंत्राला कधीच कळणार नव्हतं. माणसांनाही ते लग्नानंतर कळतं. पण जमूच शकत नाही ती कोणती, हे समाजातल्या कोणालाही माहीत. तिनं गुण काढून टाकायला लावले. तुलसाला शेजारी बसवून कुळांची नावं स्वतः पक्की केली, आणि एजंटाला बजावलं, की शंका आली तर मनानं ठरवायचं नाही, विचारायचं.

खाली येऊन तिनं साईट दाखवली. शालीकरामांनी बोटानं वर-खाली करून पाहिलं.

"जोड्या कुठं गेल्या? बालाघाटवाले त्याच्यासाठीच तर येऊन राहिले उद्या."

"गेलं मंग काम," डोमनलाल दारातून म्हणाला. "बॅग भर."

योगेश्वरी वैतागली होती, पण आवाज चढू न देता बोलली, "जोड्या तुमच्या तुम्ही पाहा, काकाजी. जिथं लग्न होऊच शकत नाही तेवढंच हे सांगन, अन् जिथं समजत नाही तिथं विचारन. बालाघाटवाल्यांले पटलं तर काम देतील, नाही तर नाही देणार. मी पुण्याले नाही जात, बाबूजी."