सुमनबाईंची सूचना

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर भला माणूस म्हणूनच.

मी निमोण्याचा तलाठी होतो. सातबारा संगणकावर यायचा होता, तेव्हा शिरूरला बैठक झाली. पडद्यावर काय असावं ते शेतकऱ्यांनीच सांगायचं, हा बैठक घेणाऱ्या साहेबांचा हट्ट. शिरूर-दौंडचे पंधरा-वीस शेतकरी पुढं, आम्ही तलाठी मागच्या बाकावर.

आमच्या गावच्या सुमनबाई उठल्या. दीड एकर कांदा, शाळा चौथीपर्यंत. म्हणाल्या, "सायेब, गट नंबर कुणाच्या ध्यानात ऱ्हातोय? आन् आडनावानं शोधाल, तर अर्ध्या गावाचं एकच हाय. पयल्या नावानं सापडाय पायजे." साहेबांनी त्यांना शेजारी खुर्ची दिली. चहासुद्धा आधी त्यांना.

बारा वर्षं त्या गावचे बांध मी तुडवले — मला कधी कुणी खुर्ची दिली? आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती का? होती. बोलायची छाती नव्हती. पिकतं तिथं विकत नाही, असं मनाशी म्हणत मी जळत राहिलो. जळणंच ते — दुसरा शब्द नाही.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं, अक्षर चांगलं म्हणून. मी लिहिलं — हो, मीच — 'शोध गट नंबरवरूनच असावा, यावर सर्वांचे एकमत झाले.' साहेबांची तोवर बदली झाली होती. नव्या साहेबांनी सही केली.

पुढं केडगावच्या बैठकीत पडद्याचा नमुना दाखवला. गट नंबरचा एकच रकाना. मी सुमनबाईंच्या तोंडाकडे बघत होतो. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी कायतरी येडंच बोलले आसंन तवा. तुमी हसला न्हाई, बरं केलं." नंतर त्या कुठल्याच बैठकीला आल्या नाहीत.

गावात संगणक आला, तेव्हा लोक गट नंबर विचारायला आधी माझ्याकडे यायचे. खोटं कशाला बोलू — मला ते आवडायचं. एक दिवस सुमनबाईही आल्या. दप्तर न उघडता मी त्यांचा नंबर सांगितला.

"लिवून द्या," त्या म्हणाल्या, "माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी चांगल्या अक्षरात लिहून दिला.