आंघोळ करून या

झुनिल्दा बेनितेस पोलिसात लागली तेव्हा गावातल्या बायकांना वाटलं, आपली सोय झाली. चौकीतल्या पुरुषांना वाटलं, तेरेरेची सोय झाली. खरं पुरुषांचंच ठरलं. पाराग्वेतल्या त्या लाल मातीच्या गावात उन्हाळाभर चौकीत तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा थंड चहा, चालायचा. पेला एक, नळी एक, तोंडं पाच. पेला भरून फिरवायचं काम झुनिल्दाचं. बायकांच्या तक्रारी मधल्या वेळात.

फौजदार कान्दिदो माणूस चांगला, असं सगळे म्हणायचे. म्हणणारे सगळे पुरुष होते. तक्रार घेऊन आलेल्या बाईचं तो आधी ध्यान बघायचा. कपडे मळलेले असले की, "पिऊन पडली असशील कुठंतरी. घरी जा, आंघोळ कर, डोकं ठिकाणावर आलं की ये." नीटनेटक्या बाईला निदान खुर्ची मिळायची.

झुनिल्दानं हे बरोबर हेरलं. बायकांचा अपमान तिला बघवत नव्हता. मग चर्चबाहेर, ओढ्यावर, जिथं चार बायका भेटतील तिथं ती सांगत सुटली, "चौकीवर यायचं तर आंघोळ करून या गं. धुतलेले कपडे घाला. साहेब माणसासारखं बोलतात."

गावानं तिचं ऐकलं. पोलिसाचं ऐकण्याची गावाची ती पहिलीच वेळ असावी.

ब्लासिदा तिची धर्मकन्या. बाप्तिस्म्याला झुनिल्दानंच माद्रीना, म्हणजे धर्ममाता, होऊन तिला हातावर धरलं होतं. तेव्हापासून पोरगी कुठंही भेटली, भर बाजारात का असेना, की दोन्ही हात जोडायची. "आशीर्वाद, माद्रीना." झुनिल्दा हवेत क्रूस काढायची आणि मगच पुढचं बोलणं.

त्या दुपारी ब्लासिदा चौकीवर आली ती ओल्या केसांनी. अंगाला साबणाचा वास, झग्याला कडक इस्त्री. तिनं हात जोडले आणि आशीर्वाद न मागताच सांगायला लागली. रोलोनच्या लाकडाच्या वखारीवर ती मजुरांचा स्वयंपाक करायची. काल संध्याकाळी मजूर गेल्यावर रोलोननं शेडचं दार आतून लावलं होतं.

"रोलोन?" कान्दिदोनं नळी तोंडातून काढली. "अगं, आपल्या गाडीत पेट्रोल कोण भरतं? रविवारी माझ्या संघात गोलकीपर कोण असतो?"

"साहेब, पोरगी माझी आहे," झुनिल्दा म्हणाली.

"म्हणून तर खुर्ची दिली." तो ब्लासिदाकडे वळला. "पण पोरी, काल एवढं घडलं आणि आज तू लग्नाला निघाल्यासारखी? माझी बायको दाढ दुखली तरी दोन दिवस केस विंचरत नाही."

शिपाई हसले. झुनिल्दानं भरलेला पेला टेबलावर आपटला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तेरेरे मध्येच थांबला.

"लिहा साहेब. नाहीतर मी लिहिते."

त्यानं लिहिलं. तेरेरे पुन्हा सुरू व्हावा म्हणून का होईना, लिहिलं. झुनिल्दा पोरीला बसमधून शहराच्या इस्पितळात घेऊन गेली. वाटभर तिचा हात सोडला नाही. वाटलं, एकदा डॉक्टरनं लिहून दिलं की रोलोनची सुटका नाही.

डॉक्टर तरुण बाई होती. आवाज मऊ.

"कालचे कपडे आणलेत?"

"धुतले," ब्लासिदा म्हणाली. "दोरीवर आहेत."

"आणि आंघोळ?"

"दोनदा केली. माद्रीनाच सांगते ना सगळ्यांना, आंघोळ करून या म्हणून."

डॉक्टरनं झुनिल्दाच्या गणवेशाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दंडावरचे वळ लिहिते," ती म्हणाली. "बाकी माझ्या हाती काही उरलेलं नाही."

नुसत्या वळांवर खटला उभा राहत नाही, असं सरकारी वकिलानं कळवलं. रोलोन म्हणाला, पोतं उचलताना लागलं असेल. पुढच्या रविवारी त्यानं दोन गोल अडवले.

झुनिल्दानं मग उलटं सांगायला सुरुवात केली. "अंगाला पाणी लावू नका. आहात तशाच या." एक बाई आली तशीच, चिखलानं भरलेली. कान्दिदोनं नाक धरून तिला आंघोळीला घरी पाठवलं. ती परत आली नाही.

ब्लासिदाची बस चौकीवरूनच जाते. एकदा ती दारासमोरच उतरली. नजरानजर झाली आणि झुनिल्दाचा हात आपोआप क्रूस काढायला वर आला.

पोरीचे दोन्ही हात मोकळे होते. ती तशीच पुढं निघून गेली.

"झुनिल्दा, पाणी संपलं गं," आतून हाक आली.

वर आलेला हात तिनं तसाच बर्फाच्या थर्मासकडे नेला.